भावनगर ते कोसबाड : ताराबाई मोडक

‘अंगणवाडी’ हा शब्द गुजरातमध्ये आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावोगावच्या केंद्राला हेच नाव मिळाले. आम्ही सरकारी नोकर, त्यामुळे गुजराती कागदांत ‘आंगणवाडी’ होऊन तो आमच्या टेबलावरून नेहमी जातो. मात्र हा शब्द एका मराठी बाईंच्या कामातून आला आणि त्या बाईंनी लहान मुलांना शिकवण्याची विद्या आपल्या या गुजरातेत, काठियावाडात, मिळवली, हे आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतही फारसे ठाऊक नसते. यंदाच्या अंकासाठी चरित्रलेख लिहायला घेताना म्हणूनच ताराबाई मोडक यांचे नाव आमच्या मनात आले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, केळकरांच्या घरी झाला. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. मुलीला शिकवायचे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया फार थोड्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झाले, एक मुलगी झाली. पण संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या विभक्त झाल्या. त्यांच्या आयुष्याचा हा भाग रत्नाकर मतकरींच्या ‘घर तिघांचं हवं’ या नाटकामुळे बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्ही त्यात शिरत नाही. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळे होऊन, लहान मुलीला घेऊन, परक्या मुलखात नोकरीला जाणे किती अवघड असेल, ते आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको.

ही नोकरी राजकोटला होती, बार्टन ट्रेनिंग कॉलेजात. शिक्षिका तयार करणारी ही संस्था. गुजराती भाषा त्या तिथे शिकल्या, आणि अशा शिकल्या की पुढे गुजराती मासिकाच्या संपादनात त्यांनी बरोबरीने भाग घेतला. आपल्या पूर्वजांनीही गुजराती अशीच आपलीशी केली, फक्त ते गायकवाडांच्या चाकरीत स्थिरावले. ताराबाई मात्र राजकोटची मानाची नोकरी सोडून १९२३ साली भावनगरला गेल्या.

भावनगरला गिजुभाई बधेका होते. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणतात, हे आपल्यापैकी जे गुजराती शाळेत शिकले त्यांना माहीत असेल. गिजुभाई मूळचे वकील. मादाम माँटेसरींची पद्धत वाचून ते भारावले, वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू केले. अडीच ते सहा वर्षांची मुले शाळेत घालायची आणि त्यांना पाढे-बाराखडीला न जुंपता काम करू द्यायचे, ही कल्पनाच तेव्हा लोकांना विचित्र वाटे. शाळेत जाऊन मूल मातीत खेळणार असेल तर त्यासाठी शाळा कशाला, असा प्रश्न पालकांना पडणारच. आजही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गिजुभाई आणि ताराबाईंनी नऊ वर्षे घालवली. लहान मूल डोक्याने शिकण्याआधी हाताने शिकते, हा त्यांच्या कामाचा पाया होता. चिखलाचा गोळा हातात वळताना गोल म्हणजे काय ते बोटांना कळते, मग पाटीवरचे वर्तुळ परके राहत नाही. मणी ओवताना, कागद दुमडताना, खडूने रेघा ओढताना जी बोटे तयार होतात, तीच पुढे लेखणी धरतात. गोष्ट, गाणे, चित्र आणि मातीकाम हा त्यामुळे बालमंदिरात तास संपल्यावरचा विरंगुळा नव्हता, तोच अभ्यास होता. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघत होते, पुढे ताराबाईंनी ते मराठीतही चालवले.

त्यांचा आणखी एक आग्रह होता आणि आमच्या मंडळाला तो जरा टोचणारा आहे. शिक्षा नको हे आता सगळेच मान्य करतात. पण त्यांना बक्षीसही नको होते. मुलांची आपसांत स्पर्धा नको, नंबर नको. बक्षिसासाठी काढलेले चित्र परीक्षकाला काय आवडेल ते पाहून काढले जाते, ही भीती त्यामागे होती. गणेशोत्सवातली चित्रकला स्पर्धा बंद करा, असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही आणि ढालीवाटपाला होणारी गर्दीही आम्ही पाहतो. तरी पहिली ते चौथीच्या गटापुरते नंबर न काढता सगळ्यांची चित्रे मांडवात दोरीवर लावली तर काय बिघडेल, हे कार्यकारिणीने एकदा पाहावे. शाडूच्या गणपतीच्या वर्गातही आई-वडील शेजारी येऊन बसतात आणि पाच मिनिटांत माती मुलाच्या हातातून त्यांच्या हातात जाते. सोंड सुबक होते खरी, पण ती बाबांची असते. ताराबाईंच्या शिक्षणात मोठ्यांनी मूर्ती सुधारायची नसते, मुलाला काम करताना पाहायचे असते.

१९३२ साली त्या भावनगर सोडून मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाने ते उचलून धरले. गिजुभाई १९३९ साली वारले. शिशुविहारचे नाव झाले होते, शिक्षिका तयार होत होत्या. दुसरे कोणी असते तर तिथेच स्थिरावले असते. पण दादरच्या बालवर्गात येणारी मुले कोणाची होती? ज्यांच्या घरी पुस्तक होते, खेळणे होते, त्यांची. माँटेसरीची साधने सुरेख असतात, पण घासूनपुसून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे आणि दट्टे खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार?

१९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान, बालविधवा आणि शिक्षिका. समुद्रकाठच्या या गावात त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राची बालवाडी काढली. पण बालवाडीत दलित वस्तीतली मुले येईनात. दार उघडे असले म्हणून कोणी आत येतेच असे नाही, हे जातीच्या आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच बसून गाणी, गोष्टी, खेळ, हाताची कामे घ्यायची. ती अंगणवाडी. नाव कागदावर तयार होऊन मग काम सुरू झाले, असा प्रकार नव्हता. काम अंगणात चालले म्हणून ते नाव पडले.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले फुकट, झाडाखाली बिया आणि पाने, ओढ्याला माती आणि गोटे. मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठे लावायला, ओवायला आणि नक्षी मांडायला हे पुरते. दुकानातले साधन मोडले तर शिक्षिका घाबरते आणि मग ते कपाटात जाते. शिंपला फुटला तर दुसरा आणता येतो. आम्हाला ताराबाईंच्या साऱ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. युरोपातून आलेली पद्धत त्यांनी नाकारली नाही आणि जशीच्या तशी ठेवलीही नाही.

१९५७ साली संस्था जवळच्या कोसबाड टेकडीवर गेली. ताराबाई पासष्टीच्या झाल्या होत्या. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. घराच्या कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणारी ही माणसे. त्यांच्या मुलांचा हात कलेला नवखा नव्हता, नवखी होती ती शाळा आणि तिची भाषा. पुस्तकी मराठी त्यांना आपल्याला संस्कृत असावे तशी. अशा मुलांपुढे आधी पुस्तक ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. माती, पाने आणि रंग ठेवले तर भाषेवाचून काम सुरू होते.

पण मुले यायला मोकळी तर हवीत! मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. म्हणून जिथे गुरे चरत तिथेच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. जी दिवसभर कामात असत त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. मोठ्या बहिणीच्या काखेत धाकटे भावंड असे, त्यामुळे तीही येऊ शकत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, आणि आई निश्चिंतपणे मजुरीला. आमच्या मते सरकारी योजनांच्या आखणीत आजही इतका सरळ विचार क्वचित दिसतो.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अंगणवाडी हे नाव देशभर झालेले पाहायला त्या दोन वर्षांनी कमी पडल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली स्वतः जाईपर्यंत चालवले.

बडोद्याहून मुंबईला जाताना वापी, संजाण, उंबरगाव मागे पडले की बोर्डी रोड, घोलवड आणि मग डहाणू रोड येते. जलद गाड्या घोलवडला थांबत नाहीत, पॅसेंजरने जावे लागते. तिथून कोसबाडची टेकडी जवळ आहे आणि संस्था आजही तिथे आहे. मंडळाच्या हिवाळी सहलीसाठी दरवर्षी जागा शोधावी लागते. यंदा मुलांना घेऊन तिकडे जाता येईल.