रामन आणि थेंबाचा फुगवटा

फिजिक्सचं प्रॅक्टिकल. केशनळी, बीकर, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आणि पाण्याचा पृष्ठताण. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये जा, चित्र हेच. उत्तर 72 च्या आसपास आलं की जर्नलवर सही, विषय संपला. याच पृष्ठताणावर एका एम.ए.च्या पोराने लिहिलेला निबंध 1907 मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. पोराचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

जन्म 7 नोव्हेंबर 1888, तिरुचिरापल्लीचा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1904 मध्ये बी.ए., पहिला नंबर. पुढे एम.ए. करताना प्रिझमचा कोन मोजायचं साधं प्रॅक्टिकल चाललं होतं. त्यात त्याला प्रकाशाचे वेगळेच पट्टे दिसले. पुस्तकात नाहीत म्हणून सोडून न देता तो त्यांच्या मागे लागला. लिहिलेला मसुदा प्रोफेसर जोन्सना दिला, तो त्यांच्याकडे महिनोन्‌महिने पडून राहिला. शेवटी रामनने स्वतःच तो पोस्टाने लंडनला धाडला. नोव्हेंबर 1906 मध्ये छापला गेला. लगेच दुसरा निबंध, पृष्ठताणावरचा.

त्यात वापर होता वक्रतेचा. थेंबाचा पृष्ठभाग आत ओढला जातो, म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. दाब आणि फुगवट्याची त्रिज्या कळली की पृष्ठताण निघतो. त्याचं तापमानाशीही नातं आहे. पाण्याचा पृष्ठताण 10 अंशांना 74.2 मिलिन्यूटन प्रति मीटर, 40 अंशांना 69.6. म्हणजे डिसेंबरच्या गारठ्यातलं आणि एप्रिलच्या उन्हातलं रीडिंग सारखं येणारच नाही. थर्मामीटर न बघता रीडिंग घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं!

एवढं करून रामन गेले कुठे? सरकारच्या अर्थखात्यात. तब्येतीमुळे डॉक्टरांनी विलायतेला जायला नकार दिलेला आणि विज्ञानात नोकरी जवळपास नव्हतीच. 1907 मध्ये ते कलकत्त्याला रुजू झाले. दिवसभर हिशेब आणि ऑफिसच्या आधी-नंतर बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम. मधे रंगूनला बदली, मग 1910 मध्ये आपल्या नागपूरला. प्रयोगशाळा सुटली तर घरातच सामान मांडलं. अशी दहा वर्षं! ऑफिसचा माणूस म्हणून ते आरामात मोठे अधिकारी झाले असते. 1917 मध्ये मात्र त्यांनी ती नोकरी सोडली आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. या पदासाठी परदेशी प्रशिक्षणाची अट होती, ती त्यांनी साफ नाकारली.

परदेशी गेले ते 1921 मध्ये, विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून. परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना पछाडलं. खिशातल्या छोट्या उपकरणांनी तपासलं, तर हा रंग आकाशाचं नुसतं प्रतिबिंब नव्हता, पाणी स्वतःच प्रकाश विखुरत होतं. त्यावर ‘नेचर’ला पाठवलेल्या पत्रावर पत्ता आहे मुंबई बंदराचा, तारीख 26 सप्टेंबर.

पुढचं ठाऊक आहेच: 28 फेब्रुवारी 1928 चा शोध, 1930 चं नोबेल. 21 नोव्हेंबर 1970 रोजी बंगळुरूत ते गेले. नोबेल मिळालं प्रकाशाला. थेंबावरच्या निबंधाची आठवण विज्ञान दिनाच्या भाषणांतही क्वचितच निघते.