दमसासाचे शिल्पकार आर्थर लिडियार्ड

२ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर सुमारे एका तासाच्या अंतराने न्यूझीलंडच्या दोन धावपटूंनी सुवर्णपदके पटकावली. ८०० मीटर शर्यतीत २१ वर्षांच्या पीटर स्नेल यांनी बेल्जियमचे तत्कालीन विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्स यांना अखेरच्या क्षणी मागे टाकले. त्यानंतर ५००० मीटर शर्यतीत मरे हॅलबर्ग पहिले आले. आठवडाभराने, १० सप्टेंबरला, बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवले. याच रोममध्ये ६ सप्टेंबरला भारताचे मिल्खासिंग ४०० मीटर शर्यतीत चौथे आले होते आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले होते. सुमारे २४ लाख लोकसंख्येच्या न्यूझीलंडचे हे तिन्ही पदकविजेते ऑकलंड शहराच्या ओवायराका या उपनगरातील एकाच क्लबचे सदस्य होते आणि तिघांचे प्रशिक्षकही एकच होते. त्यांचे नाव आर्थर लिडियार्ड. मात्र देशाच्या अधिकृत पथकात त्यांना स्थान नव्हते. चाहत्यांनी जमवलेल्या वर्गणीतून ते रोमला पोहोचले होते.

आर्थर लेस्ली लिडियार्ड यांचा जन्म ६ जुलै १९१७ रोजी ऑकलंड येथे झाला. तरुणपणी ते रग्बी खेळत आणि अधूनमधून धावतही असत. उदरनिर्वाहासाठी ते पादत्राणांच्या कारखान्यात काम करीत. पुढे संसाराला हातभार म्हणून पहाटे घरोघरी दूध पोहोचवण्याचे कामही त्यांनी केले. वयाच्या सत्ताविशीत वयाने मोठ्या असलेल्या एका धावपटूसोबत ते ५ मैल धावण्यास गेले आणि वाटेतच त्यांचा दम संपला. आपण स्वतःला समजतो तेवढे तंदुरुस्त नाही, याची त्यांना जाणीव झाली. आज ही गत असेल तर पन्नाशीत काय होईल, या प्रश्नाने त्यांना अस्वस्थ केले.

त्या काळी धावण्याच्या प्रशिक्षणाचा भर प्रामुख्याने मैदानावरील वेगवान फेऱ्यांवर असे. ठराविक अंतर जोरात धावायचे, थोडी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा धावायचे, अशी ही पद्धत होती. लिडियार्ड यांनी वेगळ्या मार्गाने जाण्याचे ठरवले आणि प्रयोगासाठी स्वतःचेच शरीर वापरले. एखाद्या आठवड्यात ते अतोनात अंतर धावत, तर एखाद्या आठवड्यात अगदी कमी. कोणत्या सरावानंतर शरीर थकते आणि कोणत्या सरावानंतर ते बळकट होते, याचा त्यांनी अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. १९५० मध्ये ऑकलंड येथे झालेल्या एम्पायर क्रीडास्पर्धेत ते मॅरेथॉन धावले आणि १३ वे आले. १९५३ आणि १९५५ मध्ये त्यांनी न्यूझीलंडची राष्ट्रीय मॅरेथॉन जिंकली.

या प्रयोगांतून एक सूत्र हाती आले. आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, झेपेल अशा एकसारख्या गतीने धावल्यास हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते. हा पाया पक्का झाला की काही आठवडे टेकड्यांच्या चढणीवर सराव, त्यानंतर मैदानावर वेगाचा सराव आणि शेवटी मुख्य शर्यतीपूर्वी सरावात कपात, असा क्रम त्यांनी बसवला. वर्षभर सतत चढाओढ करीत राहण्याऐवजी ठरलेल्या दिवशी धावपटू सर्वोत्तम स्थितीत असावा, हा त्यामागील हेतू होता. ८०० मीटर धावणाऱ्यालाही मॅरेथॉनपटूइतकाच पाया हवा, हे त्यांचे म्हणणे त्या वेळी अनेकांना विचित्र वाटले.

ओवायराकातील तरुण मात्र त्यांच्याकडे येऊ लागले. लिडियार्ड यांनी देशभरातून गुणवान खेळाडू निवडून आणले नव्हते. कारखान्यातील सहकारी लॉरी किंग, आसपास राहणारे युवक आणि क्लबमधील होतकरू मुले हेच त्यांचे शिष्य होते. हॅलबर्ग यांचा डावा हात १७ व्या वर्षी रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे जवळजवळ निकामी झाला होता. स्नेल शाळेत टेनिससह अनेक खेळ खेळत असत. त्यांच्याकडे उपजत वेग आहे, त्याला दमसासाची जोड मिळाल्यास ते जगातील श्रेष्ठ धावपटू होतील, हे लिडियार्ड यांनी ओळखले.

या गटाची खरी शाळा म्हणजे रविवारची दीर्घ धाव. ऑकलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातून जाणारा वायाटारुआचा सुमारे ३५ किलोमीटरचा, चढउतारांचा मार्ग सर्वांसाठी सारखाच होता. राष्ट्रीय विजेता असो वा नवखा मुलगा, कोणालाही निराळी वागणूक नव्हती. धावताना एकमेकांशी बोलता आले पाहिजे, एवढीच गती अपेक्षित असे. त्यामुळे गप्पा होत, थट्टामस्करी होत असे आणि मागे पडणाऱ्याला सोबत मिळत असे. सुरुवातीला स्नेल यांनाही हा मार्ग अत्यंत कठीण गेला. परंतु सोबतचे सर्वजण तोच रस्ता तुडवत आहेत, हे पाहून ते टिकून राहिले. स्वतः लिडियार्ड त्यांच्याबरोबर धावत आणि एखादी गोष्ट का करायची, हे प्रत्येकाला समजावून सांगत. ओवायराकाच्या सांघिक वृत्तीचे मूळ या सामायिक श्रमात होते.

किशोरवयीन धावपटूंबाबत त्यांची भूमिका ठाम होती. लांब, आरामशीर धावण्याने मुलांचे नुकसान होत नाही. वेगाचा अतिरेक आणि वारंवार लादलेल्या शर्यती यांमुळे त्यांची उमेद लवकर संपते, असे ते सांगत. शालेय विजेतेपदापेक्षा प्रौढ वयातील प्रगतीला त्यांनी महत्त्व दिले.

रोमनंतर यशाची मालिका सुरू राहिली. १९६२ च्या जानेवारीत स्नेल यांनी वांगानुई येथे गवताच्या मैदानावर ३ मिनिटे ५४.४ सेकंद अशी वेळ नोंदवून १ मैल धावण्याचा विश्वविक्रम केला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. लिडियार्ड यांचेच शिष्य जॉन डेव्हिस यांना १५०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळाले.

स्पष्टवक्तेपणामुळे मायदेशातील क्रीडा अधिकाऱ्यांशी लिडियार्ड यांचे वारंवार खटके उडाले. त्यानंतर त्यांनी मेक्सिकोत आणि १९६७ पासून फिनलंडमध्ये प्रशिक्षकांना मार्गदर्शन केले. पावो नुर्मी यांच्या देशाला १९३६ नंतर धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिक सुवर्ण मिळाले नव्हते. तेथेही आरंभी विरोध झाला. मात्र १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये लासे विरेन यांनी ५००० आणि १०,००० मीटर, तर पेक्का वासाला यांनी १५०० मीटर शर्यत जिंकली. या पुनरुत्थानाचे काही श्रेय लिडियार्ड यांना दिले जाते.

खेळाडू नसलेल्यांनाही त्यांनी धावते केले. १९६२ मध्ये ऑकलंड येथे सुरू झालेल्या जॉगिंग क्लबमागे त्यांचीच प्रेरणा होती. हृदयविकारातून बरे झालेल्या व्यक्तींनाही ते संथ गतीने धावण्यास सांगत. त्या काळातील वैद्यकीय समजुतीच्या हे विरुद्ध होते. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन न्यूझीलंडला आले असताना हा उपक्रम पाहून प्रभावित झाले आणि त्यांनी अमेरिकेत जॉगिंगचा प्रसार केला.

१०० मैलांच्या आकड्याचे पुढे अनेक ठिकाणी आंधळे अनुकरण झाले. वास्तविक प्रत्येकाची क्षमता ओळखून सराव ठरवावा आणि थकवा वाढल्यास तो कमी करावा, यावर लिडियार्ड यांचा भर होता.

१९९० मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ न्यूझीलंड’ या देशाच्या सर्वोच्च सन्मानाने गौरवण्यात आले. वयाच्या ८७ व्या वर्षीही ते व्याख्यानांसाठी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्याच दौऱ्यात ११ डिसेंबर २००४ रोजी टेक्सास राज्यात त्यांचे निधन झाले. स्नेल पुढे व्यायाम शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक झाले. हॅलबर्ग यांनी १९६३ मध्ये अपंग मुलांसाठी न्यास स्थापन केला. वायाटारुआच्या त्या रस्त्यावर एकत्र घाम गाळलेल्या तरुणांपैकी काहीजण स्वतः प्रशिक्षक झाले आणि आपल्या गुरूची पद्धत त्यांनी पुढील पिढीकडे सोपवली.