तिची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून

गेल्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे शेजारी शेजारी पडले होते. एक माझा, आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीच्या प्रुफांचा. दुसरा सुट्टीत राहायला आलेल्या भाचीचा, वंडर वुमनच्या कॉमिक्सचा. तिचे अंक चाळताना लक्षात आलं, की त्यातल्या तीन-चार अंकांवर पहिला अंक असंच छापलंय. ही बाई १९४१ पासून कॉमिक्समध्ये आहे, मग पहिला अंक इतक्यांदा कसा?

भाचीनं समजावून सांगितलं. गोष्टींचा गुंता फार झाला किंवा वाचक गळायला लागले, की प्रकाशक मालिका थांबवतात आणि नव्यानं मांडतात. वंडर वुमनच्या बाबतीत हे १९८७, २००६, २०११, २०१६ आणि २०२३ मध्ये झालं. आमचं लहानपण वेताळ आणि मँड्रेकवर गेलं. त्यांचं असं काही झाल्याचं मला आठवत नाही.

खरं सांगायचं तर प्रुफांचा कंटाळा आला म्हणून मी त्या गठ्ठ्यात शिरले. आणि अडकले ती या नायिकेच्या निर्मात्यापाशी. विल्यम मोल्टन मार्स्टन त्याचं नाव. माणूस मोठा चमत्कारिक, बरं का!

मार्स्टनचा जन्म १८९३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. हार्वर्डमध्ये तो शिकला, तिथेच कायद्याची पदवी घेतली आणि १९२१ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याची बायको एलिझाबेथ हॉलोवे त्याच्याच वयाची आणि त्याच्याइतकीच हुशार. तिलाही कायदा शिकायचा होता. पण हार्वर्डचं लॉ स्कूल बायकांना प्रवेशच देत नसे, ते दार थेट १९५० मध्ये उघडलं. वडिलांनी फीचे पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा या पठ्ठीनं बायकांच्या मंडळांत पाककृतींची पुस्तकं विकून पैसे उभे केले आणि १९१८ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी घेतली.

माणूस खोटं बोलताना त्याचा रक्तदाब वाढतो, हे मार्स्टनचं संशोधन. पुढच्या काळातल्या लाय डिटेक्टरच्या यंत्रात त्याच्या चाचणीचा मोठा वाटा आहे. त्या घरात असं सांगितलं जाई, की मूळ निरीक्षण एलिझाबेथचं. राग आला की आपला रक्तदाब चढतो, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. कोर्टानं मात्र १९२३ मध्ये, फ्राय नावाच्या आरोपीच्या गाजलेल्या खटल्यात, ही चाचणी पुरावा म्हणून नाकारली. मार्स्टनच्या प्राध्यापकीच्या नोकऱ्याही टिकेनात. १९३८ मध्ये तर हा गृहस्थ लाय डिटेक्टर घेऊन दाढीच्या पात्यांच्या जाहिरातीत उभा राहिला.

आता या गोष्टीत तिसरी व्यक्ती येते. ऑलिव्ह बर्न. टफ्ट्स विद्यापीठात शिकवताना मार्स्टनला भेटलेली विद्यार्थिनी. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. या दोघी बहिणींनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी तुरुंगात गेल्या. एथेलनं तर तुरुंगात उपोषण केलं. ही मार्गारेट सँगर म्हणजे १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालणारी बाई. आपल्या र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्येच असं केंद्र सुरू केलं होतं, त्यामुळे आपल्याला हे नाव परकं वाटायला नको.

१९२६ च्या सुमारास ऑलिव्ह मार्स्टन पती-पत्नींच्या घरी राहायला आली आणि कायमची तिथलीच झाली. एलिझाबेथला दोन मुलं झाली, ऑलिव्हला दोन. चारही मार्स्टनची. जगाला सांगितलं जाई, की ऑलिव्ह ही एक विधवा बाई आहे. तिच्या मुलांनाही कित्येक वर्षं हेच ठाऊक होतं. पुढे ती दोन्ही मुलं मार्स्टन पती-पत्नींनी कायद्यानं दत्तक घेतली. खोटं पकडण्याचं शास्त्र मांडणाऱ्या माणसाच्या घरात रोज जेवायला बसताना एक खोटं पानात वाढलेलं असायचं!

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एलिझाबेथला हे पचवणं सोपं गेलं नसणार. पण त्या घराची घडी बसली आणि ती बसवली दोघींनी. एलिझाबेथ बाहेर पडून नोकरी करायची, पुढे एका मोठ्या विमा कंपनीत. मार्स्टनला काम नसे तेव्हा घर तिच्या पगारावर चाले. ऑलिव्ह चारही मुलांना सांभाळायची. एलिझाबेथनं आपल्या मुलीचं नाव ठेवलं ऑलिव्ह ॲन. एवढं कळल्यावर मी निवाडा करायचा नाद सोडला.

ऑलिव्ह टोपणनावानं मासिकांत लेखही लिहायची. १९४० मध्ये तिनं मार्स्टनची एक मुलाखत छापली, जणू परक्या तज्ज्ञाला भेटून आल्यासारखी! विषय होता कॉमिक्स मुलांसाठी बरी की वाईट. ती वाचून प्रकाशक मॅक्स गेन्स यांनी मार्स्टनला सल्लागार नेमलं. सुपरमॅन, बॅटमॅनचा तो काळ. मार्स्टनला नवा नायक सुचवायचा होता. तो नायक नको, नायिका कर, असं एलिझाबेथनं सांगितल्याची आठवण त्या घरानं जपली आहे.

अशी १९४१ च्या अखेरीस वंडर वुमन अवतरली. चित्रं काढली हॅरी पीटर यांनी. बेटावर फक्त बायकांचं राज्य. राणी हिप्पोलिटा मातीची मुलगी घडवते आणि देवी तिच्यात प्राण फुंकते. आपल्या गौरीनं अंगाच्या मळापासून गणपती घडवला, तशीच ही एकट्या आईची लेक. तिच्या हातातले रुंद कडे ऑलिव्हचे. ऑलिव्ह लग्नाच्या अंगठीऐवजी तसेच कडे घालायची. आणि तिच्या सोनेरी दोरात जो सापडेल त्याला तिचं ऐकावंच लागे, खरं बोलावंच लागे. कोर्टानं जे नाकारलं ते मार्स्टननं तिच्या कमरेला बांधलं, असं मला वाटतं.

सगळंच काही गोड नव्हतं. नायिका सारखी साखळदंडांनी बांधलेली का दाखवता, असा आक्षेप १९४३ मध्ये प्रकाशकांच्याच सल्लागार मंडळातल्या एका बाईंनी घेतला होता, आणि तो मलाही पटतो. पण त्याच अंकांच्या पानांत इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची चित्रकथाही यायची, सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून. त्या काळातल्या किती मुलींच्या हाती असं काही पडलं असेल?

१९४४ मध्ये मार्स्टनला पोलिओ झाला. त्याच वर्षी जॉय हमेल ही त्याचीच एक तरुण विद्यार्थिनी कथा लिहायला मदतीला आली होती. कितीतरी गोष्टी तिनंच लिहिल्या, नाव मात्र छापलं गेलं नाही. २ मे १९४७ रोजी मार्स्टन गेला, कर्करोगानं, त्रेपन्नाव्या वर्षी. हमेलनंही त्याच वर्षी काम सोडलं. नवऱ्याच्या मागे मालिकेचं संपादन माझ्याकडे द्या, असं एलिझाबेथनं प्रकाशकांना कळवलं. त्यांनी दिलं नाही. नायिकेला जन्मापासून ओळखणारी बाई दाराबाहेर राहिली.

मग व्हायचं ते झालं. वंडर वुमन प्रेमात झुरू लागली. कर्तबगार स्त्रियांच्या चित्रकथेच्या जागी निरनिराळ्या देशांतल्या लग्नाच्या चालीरीती आल्या. १९६८ मध्ये तर तिची शक्तीच काढून घेतली आणि तिला कपड्यांचं दुकान घालून दिलं! लहानपणी तिच्या गोष्टी वाचलेल्या ग्लोरिया स्टायनम यांनी जुलै १९७२ मध्ये आपल्या ‘मिझ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिला मूळ रूपात उभं केलं. पुढच्याच वर्षी शक्ती परत आली. तरी मालिकेचा जीव रोडावतच गेला आणि १९८६ मध्ये नायिकेचं लग्न लावून ती बंद झाली. लग्न लागलं की बाईची गोष्ट संपली, हे काही आपल्याकडच्याच सिनेमात नसतं तर!

१९८७ चा नवा पहिला अंक हा माझ्या मते त्या गठ्ठ्यातला सगळ्यात मोलाचा. जॉर्ज पेरेझ हे चित्रकार-लेखक, आणि या मालिकेच्या बहुतेक काळात संपादक कॅरन बर्गर ही बाई. त्यांनी लग्न पुसलं, पुरुषाच्या मागचं झुरणं पुसलं. पण माती ठेवली, आई ठेवली, बेटावरच्या बहिणी ठेवल्या. भर अशी घातली, की पुरुषांच्या हिंसेत मारल्या गेलेल्या बायकांचे आत्मे म्हणजेच या बेटावरच्या स्त्रिया. आणि डायना, म्हणजे आपली नायिका, हा त्यांतल्या एकीच्या पोटातच राहून गेलेला जीव. बाहेरच्या जगात आल्यावर तिला इंग्रजी येत नाही. ती शिकवते एक प्राध्यापिका, आणि ती असते हार्वर्डची! पेरेझच्या मनात एलिझाबेथ होती की नाही, मला माहीत नाही. मला मात्र तिचीच आठवण झाली.

त्या वेळी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह दोघीही हयात होत्या, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मार्स्टन गेल्यावर चाळीसहून जास्त वर्षं त्या दोघी एकत्र राहिल्या. ऑलिव्ह १९९० मध्ये गेली, एलिझाबेथ १९९३ मध्ये, शंभरीच्या वर्षी.

पण मैत्रिणींनो, नवी सुरुवात नेहमी अशी सावरणारी नसते. २०११ मध्ये पुन्हा पहिला अंक निघाला, तेव्हा मातीची गोष्ट आईनं सांगितलेली थाप ठरली आणि डायना झ्यूस देवाची मुलगी झाली. एकट्या आईच्या लेकीला बाप चिकटवला! पुसून नव्यानं लिहिण्याची सोय दुधारी असते. हरवलेलं परत आणता येतं आणि उरलेलंही घालवता येतं.

एवढं वाचून झाल्यावर मी माझ्या गठ्ठ्याकडे वळले. जुन्या आवृत्तीत आजोबांनी वाड्याच्या ओसरीवर मुलींसाठी वर्ग काढल्याचं चांगलं पानभर आहे. आजीची एक ओळ. पत्नीचं सासरचं नाव, अपत्यं पाच. आत्याला फोन केला. ती म्हणाली, की वर्ग काढला दादांनी हे खरं, पण रोज दुपारी शिकवायला बसायची आई. दादा तेव्हा कचेरीत असत. पाट्यासुद्धा आईनं आपल्या साठवलेल्या पैशातून आणल्या होत्या.

आजोबांचं पान मी कमी केलं नाही. जागा त्यांनी दिली, गावाची बोलणी त्यांनी खाल्ली, तेही खरंच. फक्त आजीसाठी सहा ओळी मागून घेतल्या. संपादन करणारे काका आधी कुरकुरले, पानांचा हिशेब बिघडतो म्हणाले, मग तयार झाले. प्रुफं आता परत गेली आहेत. आजीचं माहेरचं नाव तेवढं जुन्या आवृत्तीत कुठेच नव्हतं. ते आत्यानं सांगितलं आणि मी पहिल्या ओळीत घातलं.