एड रॉबर्ट्स: श्वासासाठी मशीन, निर्णय मात्र स्वतःचे

1953 मध्ये अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना 14व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळपास सगळं शरीर लुळं पडलं. झोपताना श्वासासाठी 'आयर्न लंग' हे अवजड मशीन लागायचं.

नोकरी करणं यांना जमणार नाही, म्हणत सरकारी पुनर्वसन विभागाने शिक्षणाचा खर्च नाकारला. ते लढले आणि 1962 मध्ये बर्कली विद्यापीठात पोहोचले.

तिथे ते आणि इतर अपंग विद्यार्थी मदतनीस स्वतः निवडायला, त्यांच्याकडून कामं करून घ्यायला शिकले. यातूनच 1972 मध्ये 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं राहिलं. घर शोधणं असो की व्हीलचेअरची दुरुस्ती, मदत करणाऱ्यांमध्येही अनेक जण अपंगच.

1975 मध्ये रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन विभागाचे प्रमुख झाले. 1995 मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांनी शिकवलेलं साधं आहे: कपडे दुसऱ्याने घातले तरी चालेल, कोणते घालायचे ते आपण ठरवायचं.