कावसजीचे नाक

चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया ही गरज मानावयाची की चैन, हा प्रश्न आज नव्याने विचारला जात आहे. वाशीपासून खारघरपर्यंतच्या नवी मुंबईत लोंबत्या पापण्या उचलून देणारी आणि नाकांना घाट देणारी खासगी चिकित्सालये उभी राहिल्यामुळे त्याला धार आली असली, तरी प्रश्न मुळात जुनाच आहे. शल्यविद्येच्या जागतिक इतिहासात ज्याचे नाव आणि चित्र कायमचे नोंदले गेले, त्या कावसजी नावाच्या मराठी शेतकऱ्याच्या आयुष्याने त्याचे उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

नाव पारशी वळणाचे वाटले, तरी समकालीन वृत्तांताने कावसजीची नोंद शेती करणारा मराठा अशी केली आहे. तो लढवय्या नव्हता. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर तो बैल हाकीत असे. युद्धांचे इतिहास सेनापतींच्या नावांनी भरलेले असतात. परंतु तोफा, दारूगोळा आणि धान्य ओढणाऱ्या बैलांवाचून सेनापतीचे काहीएक चालत नाही. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसला, बैल मेल्यामुळे आपल्याच अवजड तोफा निकामी करून माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा धान्यसामग्रीसह येऊन मिळाल्या, तेव्हा कोठे त्याचे सैन्य सावरले. अशा युद्धात बैल हाकणारा माणूस शत्रूच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हता. कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला.

त्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. हिशेबाच्या वहीत प्रकरण तेथे मिटले. पोटाची सोय झाली होती. माणसात वावरण्याची झाली नव्हती. नाक छाटणे ही त्या काळी गुन्हेगाराला द्यावयाची शिक्षाही होती. त्यामुळे अनोळखी माणसाला कावसजीच्या चेहऱ्यावर युद्धातील जखम न दिसता अपराधाची खूण दिसण्याचा संभव अधिक. अब्रू गेली म्हणजे नाक कापले गेले असे म्हणणाऱ्या भाषेच्या मुलखात हा माणूस सुमारे वर्षभर बिननाकाचा राहिला.

१७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रुसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवायची. दोन भुवयांमधील चिंचोळी पट्टी मात्र अखंड ठेवावयाची, कारण तिच्यातूनच रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणावयाची आणि थोटकाची कड ताजी करून घेतलेल्या छेदात बसवावयाची. सांध्यावर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपात भिजवलेल्या चिंध्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापून टाकणे, असा हा क्रम होता. नाकाची त्वचारचना सुश्रुतसंहितेतही वर्णिली आहे. तेथे कातडी गालाची घेतली जाते. कपाळाच्या कातडीचा हा प्रकार कारागिरांच्या हातून हातात आला होता.

दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते सविस्तर वृत्तांतासह छापून आले. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. कर्करोगात गमावलेले नाक कपाळाच्या कातडीने उभारण्याची पद्धत आजही प्रचारात आहे. रुग्णाचे नाव उरले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे उरली. शस्त्र चालविणाऱ्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपले नाही. जे ज्ञान छापले गेले, ते भांडवलासारखे वाढले. जे केवळ हातात राहिले, ते त्या हातांबरोबर विझत गेले.

या कहाणीचा दुसरा धडा विम्याच्या अटींशी निगडित आहे. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींनुसार रूप बदलणाऱ्या उपचारांचा खर्च मिळत नाही; अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला प्रत्यक्ष व तात्काळ असलेला धोका टाळणारा उपचार एवढे अपवाद आहेत. हौसेच्या सौंदर्याचा भार सर्व विमेदारांवर पडू नये, हे तत्त्व रास्तच आहे. परंतु कुष्ठरोगातून औषधाने पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचा विचार करावा. त्याची पापणी मिटत नसेल, तर बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाण्याचा धोका असतो. तेथे नियमाला गरज दिसते. बसलेले नाक आणि झडलेल्या भुवया यांमुळे त्याला कोणी कामावर ठेवीत नसेल, तर त्यात तात्काळ धोका दिसत नाही. वास्तविक त्याची रोजीरोटी तेथेच अडलेली असते.

आम्लहल्ल्याच्या बाबतीत समाजाने हे ओळखले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, पीडितांना खासगी रुग्णालयांनीही पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेसह मोफत उपचार द्यावेत, असे स्पष्ट केले. हाच न्याय रोगाने विद्रूप झालेल्यांना का नसावा? उपचार सौंदर्याचा की गरजेचा हे ठरविताना शरीराला धोका किती एवढेच पाहून भागणार नाही; त्या चेहऱ्याने माणसाला बाजारात, कामावर आणि चारचौघांत वावरता येते काय, हेही पाहिले पाहिजे. कंपनीने कावसजीला वेतन दिले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. त्याला पुन्हा माणसांत आणले ते पुण्याजवळच्या एका अनाम कारागिराने.