सोलापुरी चादरीतला जकार्ड आणि बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते. ती विणतानाच धाग्यांतून उमटते, आणि ते काम करतो मागावर चढवलेला जकार्ड. सोलापुरात हा शब्द इतका रुळलाय की ते एका माणसाचं आडनाव आहे हे लक्षातच येत नाही. इन्हेरिटन्स शिकताना बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी का चालतो, इथे गाडी अडली असेल तर या माणसाची गोष्ट कामी येईल.

जोसेफ मारी जकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ चा, फ्रान्समधल्या ल्यों शहरातला. ल्यों म्हणजे रेशमाचं सोलापूरच म्हणा ना. वडील विणकर. तेव्हा नक्षीचं कापड विणायला दोघं लागायचे. एक विणणारा, आणि दुसरा प्रत्येक ओळीला नेमके तेवढेच उभे धागे दोऱ्यांनी ओढून धरणारा. हे दुसरं काम बहुधा पोरांच्या वाट्याला यायचं. १७७२ मध्ये वडील गेले, माग आणि घर वारशाने मिळालं, पण ते टिकलं नाही. कर्ज झालं. १७९३ मध्ये क्रांतीच्या सैन्याने ल्योंला वेढा घातला. जकार्ड शहराच्या बाजूने लढला आणि मग त्याला पळावं लागलं. पुढे त्याचा मुलगा लढाईत मारला गेला. पन्नाशी आली तरी नाव घ्यावं असं काही हाती नव्हतं.

मग मासे पकडायचं जाळं विणणाऱ्या यंत्रामुळे त्याला पॅरिसला बोलावणं आलं. तिथल्या संग्रहालयात व्होकान्सन नावाच्या कारागिराचा १७४५ चा माग होता, धागे आपोआप उचलणारा. त्याआधी बुशॉनने १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद वापरला होता, आणि फाल्कनने १७२८ मध्ये पुठ्ठ्याची कार्डं. जकार्डने व्होकान्सनचे आकडे आणि फाल्कनची कार्डमाळ एकत्र केली. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, भोक नसेल तर धागा खालीच राहतो. १८०४-०५ च्या सुमारास यंत्र तयार झालं. नाव एकाचं लागलं, पण पाया तिघांचा होता. हे मला तरी जरा अन्यायाचं वाटतं.

आता नीट बघा. जकार्ड हा अख्खा माग नाही, तो मागावर बसतो. बीमवर उभे धागे ताणून भरलेले नसतील, तर कार्ड उचलणार काय? कोडमध्येही हेच. 'माग' हा बेस क्लास, त्याचा कन्स्ट्रक्टर उभे धागे भरतो. 'जकार्डमाग' हा त्याचा चाइल्ड क्लास, त्याचा कन्स्ट्रक्टर कार्डमाळ लावतो. ऑब्जेक्ट बनताना आधी माग, मग जकार्ड.

सी प्लस प्लसमध्ये हा क्रम भाषाच पाळते. जावात तुम्ही सुपर लिहिलं नाही, तर कंपायलर गुपचूप बिनआर्ग्युमेंटचा सुपर घालतो. पण बेसच्या कन्स्ट्रक्टरला धाग्यांची संख्या द्यावीच लागत असेल, तर तो अडतो आणि एरर देतो. तेव्हा सुपर लिहून संख्या तुम्हीच पाठवायची. खरी फजिती पायथनमध्ये. चाइल्डमध्ये स्वतःचं इनिट लिहिलंत आणि सुपर विसरलात, तर बेसचं इनिट चालतच नाही. ऑब्जेक्ट मात्र आरामात बनतो. पुढे कधीतरी विणायला गेलात की अ‍ॅट्रिब्यूट एरर येते, तीही भलत्याच ओळीवर. मग दोन तास त्या ओळीकडे बघत बसायचं!

इकडे ल्योंमध्ये विणकर भडकले, कारण धागे ओढणाऱ्यांची रोजीरोटी जाणार होती. राग यंत्रावरही निघाला आणि जकार्डवरही. नेपोलियनच्या सरकारने मात्र यंत्र सार्वजनिक केलं आणि जकार्डला पेन्शन दिलं. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे ११,००० माग चालू होते.

७ ऑगस्ट १८३४ रोजी तो वारला. पुढच्या काही वर्षांत लंडनच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली, फक्त नक्षीऐवजी आकडेमोडीसाठी. बॅबेजकडे रेशमात विणलेलं जकार्डचं एक चित्रही होतं. १८३९ मधलं हे चित्र जकार्डच्याच मागावर विणलेलं होतं, आणि त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती.