सहा नांगर आणि दोन वर्षे

उद्योजक म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव आज सर्वपरिचित आहे. मात्र बेळगावात लोखंडकामाचा छोटा कारखाना घातला, तेव्हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न भांडवलापेक्षाही गिऱ्हाइकाचा होता.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याने तो मार्ग खुंटला. पुढे यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापक झाले. बढती डावलली गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान होते. सायकल हीच नवलाई असल्याने विकण्याआधी ती चालवायला शिकवावी लागे.

त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. वास्तविक लाकडी नांगरालाही लोखंडी फाळ असतोच! पण समजुतीपुढे युक्तिवाद चालत नाही. शिवाय बियाणे आणि बैल यांच्या खर्चाने वाकलेल्या माणसाने अनोळखी अवजारावर रोख पैसे का घालावेत, हा सवालही गैर नव्हता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगराची खरी साक्ष शेतातच मिळणार होती. खोलवर रुजलेली हरळी तो उपटून काढी, माती उलथून टाकी. शेजारच्या बांधावरून पाहणाऱ्याला आणखी काही सांगण्याची गरज नसे.

जम बसू लागला तोच बेळगाव नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याच्या या वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे, हे त्या काळाच्या मानाने लहान पाऊल नव्हते.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. मागणी आता पुरवता येत नव्हती, एवढा तो बदल होता.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे छोटे पत्रक पुढे मराठीतील नामांकित मासिक झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.